पशूंचे मन आणि मध्यमा वाणी

पशूंना विचार असतो काय, आणि असल्यास तो त्यांच्या मनात शब्दासारख्या एखाद्या रूपाने उमटतो काय, हा प्रश्न वरकरणी एक वाटला तरी त्यात दोन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत, आणि या विषयावरील बराचसा वाद ते दोन्ही एकाच उत्तराने सुटतील या समजुतीतून उद्भवलेला आहे. पहिला प्रश्न विचाराचा आहे. समोर नसलेली वस्तू मनात धरणे, घडून गेलेल्या गोष्टीवरून पुढे घडणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधणे, दोन पर्यायांतून एक निवडणे आणि त्या निवडीप्रमाणे वागणे, एवढ्या क्रियांना येथे विचार म्हटले आहे. दुसरा प्रश्न अंतर्वाणीचा, म्हणजे ओठ न हलवता मनातल्या मनात चालणाऱ्या बोलण्याचा आहे. मनुष्याच्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र आढळतात, त्यामुळे एकीच्या अभावी दुसरीही नसणार असे गृहीत धरण्याकडे कल होतो. भारतीय दर्शनांतील चर्चा आणि गेल्या दीडशे वर्षांतील प्रयोग शेजारी ठेवून पाहिले असता हे गृहीतक टिकत नाही.

तंजावूरच्या संग्रहातील दोन प्रकारचे पशू

या आढाव्याची सुरुवात तंजावूरपासून करण्यास सबळ कारण आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी स्थापन केलेले मराठी राज्य 1855 पर्यंत तेथे नांदले, आणि त्या घराण्यातील दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह इतका वाढवला की आज तो सरस्वती महाल ग्रंथालय म्हणून भारतातील हस्तलिखितांच्या प्रमुख संग्रहांत गणला जातो. ख्रिश्चन फ्रीडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाला युरोपातील नव्या विद्या आणि संस्कृतातील जुनी शास्त्रे या दोहोंविषयी सारखेच कुतूहल होते. त्यामुळे पशूंकडे पाहण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती त्यांच्या आश्रयाने एकाच ठिकाणी आल्या.

पहिली रीत बोलक्या पशूची. सरफोजींनी तंजावुरात देवनागरी टाइपांचा छापखाना सुरू केला आणि तेथून 1806 मध्ये सख्खण पंडित यांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत तिची गणना होते. म्हणजे मराठी मुद्रणाच्या पहिल्याच पावलांबरोबर कोल्हा, कावळा, सिंह आणि उंदीर मराठीत बोलू लागले. पंचतंत्र आणि हितोपदेश यांची परंपरा असलेल्या वाचकाला यात काही नवे नव्हते. अशा कथांतील पशू माणसाप्रमाणे हेतू धरतात, स्वतःशी बोलतात आणि पश्चात्ताप करतात, परंतु हे सर्व कथाकाराने त्यांना दिलेले असते. लांडगा खरोखर कसा विचार करतो याविषयी त्या कथा काही सांगत नाहीत, आणि सांगण्याचा त्यांचा उद्देशही नसतो.

दुसरी रीत पाहिलेल्या पशूची. सरस्वती महालात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र यांची हस्तलिखिते आहेत. त्यांपैकी नकुलाच्या नावाने प्रसिद्ध असलेले अश्वशास्त्र 1952 मध्ये आणि पालकाप्य मुनींच्या नावाने चालत आलेले गजशास्त्र 1958 मध्ये रंगीत चित्रांसह ग्रंथालयाने छापले. गजशास्त्राचे ग्रंथ हत्ती बाळगणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळे हत्तीचे मन हा त्यांत कल्पनेचा विषय न राहता व्यवहाराचा विषय होतो. या शाखेतील ‘मातंगलीला’ हा नीलकंठाचा बारा प्रकरणांचा ग्रंथ केरळात जपला गेला आणि फ्रँकलिन एजर्टन यांनी 1931 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्यात अंकुशाला हत्ती कसा प्रतिसाद देतो यावरून त्याच्या संवेदनशीलतेचे प्रकार पाडलेले आहेत. टोचले तरी ज्याला लवकर उमगत नाही तो गंभीरवेदी, ही संज्ञा कालिदासालाही परिचित होती. नव्याने पकडून गावात आणलेला हत्ती अरण्यातील सुखे आठवून झुरतो असेही तो ग्रंथ नोंदवतो. हत्तीच्या तोंडी एक शब्दही न घालता त्याला स्मृती आहे, आणि त्या स्मृतीचा त्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो, असे येथे मानले आहे. शास्त्रकाराचे हे अनुमान बरोबर असो वा नसो, त्याची पद्धत वर्तनावरून मनाकडे जाण्याची आहे, आणि आजच्या प्राणिमानसशास्त्राची पद्धतही तीच आहे.

या दोन रीतींच्या मध्ये लोककथा उभ्या आहेत. जुन्या तंजावूर जिल्ह्यात मोडणाऱ्या तिरुवारूर येथील मनुनीती चोळाची कथा बाराव्या शतकातील शेक्किळारांच्या ‘पेरियपुराणम्’मध्ये येते. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडले तेव्हा गाईने राजवाड्याची न्यायघंटा वाजवली आणि राजाने तिला न्याय देण्यासाठी आपल्या मुलाला रथाखाली घातले, असे ती सांगते. या कथेत गाय बोलत नाही, ती कृती करते, आणि त्या कृतीवरून तिचा शोक व मागणी ही दोन्ही वाचली जातात. मराठी परंपरेतील ज्ञानदेवांच्या चमत्काराची दिशा नेमकी उलट आहे. पैठणच्या रेड्याच्या मुखातून वेद उमटले, पण ते रेड्याने विचार करून म्हटले असा दावा कोणी केला नाही. उच्चार असून विचार नसणे आणि विचार असून उच्चार नसणे, या दोन शक्यता अशा रीतीने लोकमानसाने फार पूर्वीच वेगळ्या केल्या होत्या.

भारतीय दर्शनांतील मांडणी

याच भेदाची तात्त्विक चर्चा भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त, म्हणजे साधारण पाचव्या शतकात, अत्यंत काटेकोरपणे झालेली आहे. भर्तृहरीच्या मते शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञान लोकव्यवहारात सापडत नाही. वाणीच्या त्याने तीन अवस्था मानल्या. मुखाने उच्चारली जाणारी आणि इतरांना ऐकू येणारी ती वैखरी. बुद्धीत राहणारी, अद्याप ध्वनी न झालेली, परंतु शब्दांचा क्रम धारण केलेली ती मध्यमा. क्रमही जिच्यात विरून गेलेला असतो ती पश्यंती. उत्तरकालीन परंपरेने यात परा ही चौथी अवस्था जोडली. आज मानसशास्त्र ज्याला अंतर्वाणी म्हणते, ते या मांडणीत जवळजवळ तंतोतंत मध्यमेच्या ठिकाणी येते.

ज्ञानमात्र शब्दाने व्यापलेले आहे असे म्हटल्यावर पशूंचे काय, हा प्रश्न भर्तृहरीपुढे अटळ होता, आणि त्याने तो टाळला नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात तो विचारतो की वसंतात कोकिळाचा स्वर कोण बदलतो आणि प्राण्यांना घरटी बांधायला कोण शिकवतो. त्याचे उत्तर प्रतिभा हे आहे. कोणी न शिकवता आतून स्फुरणारी, अमुक करावे अशी जाण म्हणजे प्रतिभा, आणि तिचे मूळ तो पूर्वजन्मींच्या शब्दसंस्कारांत शोधतो. त्याच्या दृष्टीने पशूंच्या ठिकाणी वाणीचे बीज असते, ते व्यक्त शब्दापर्यंत येत नाही. पूर्वजन्माच्या जागी आज उत्क्रांतीतून आलेला वारसा ठेवला जातो आणि त्यामुळे स्पष्टीकरण पूर्णपणे बदलते, पण शिकवल्यावाचून येणारी जाण आणि शब्दांत मांडता येणारी जाण या दोन पायऱ्या आहेत ही मांडणी कायम राहते.

इतर दर्शनांनी शब्दाची अट शिथिल केली. कुमारिल भट्टांनी वस्तूच्या पहिल्या, नाव न दिलेल्या प्रत्यक्षाला निर्विकल्पक म्हटले आणि ते अर्भकाच्या किंवा मुक्याच्या ज्ञानासारखे असते असे सांगितले. अनुमानाच्या चर्चेत स्वतःसाठी केलेले अनुमान आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी वाक्यांत मांडलेले अनुमान असा भेद करण्यात आला. धूर पाहून अग्नी जाणण्याला वाक्याची गरज नसते, ती दुसऱ्याला सांगताना भासते. जैन आचार्यांनी जीवांचे इंद्रियसंख्येनुसार वर्गीकरण करून पंचेंद्रिय पशूंपैकी काहींना समनस्क, म्हणजे मन असलेले, मानले. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत याहून रोखठोक उदाहरण दिले आहे. हातात काठी उगारून येणाऱ्या माणसापासून गुरे दूर पळतात आणि हिरवा चारा घेऊन येणाऱ्याकडे वळतात, आणि नित्याच्या व्यवहारात विद्वान मनुष्यही याहून वेगळे काही करत नाही.

समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त या दोन्ही धारा एकत्र येतात. तंजावूर आणि मन्नारगुडी या परिसरात रामदासी मठ स्थापन झाले आणि तेथील मराठी समाजात हा ग्रंथ वाचला गेला, म्हणून त्याचा उल्लेख येथे विशेष प्रस्तुत आहे. दासबोधाच्या सतराव्या दशकात चार वाचांचे वर्णन आहे, तर दहाव्या दशकाच्या पहिल्याच समासात सर्वांचे अंतःकरण एक की वेगळे हा प्रश्न विचारलेला आहे. साप जाणून चावायला येतो आणि प्राणी जाणून पळतो, तेव्हा जाणीव दोन्ही बाजूंना आहे, असा दाखला तेथे दिला जातो. त्यात सापाला वाचा दिलेली नाही, दिली आहे ती फक्त जाणीव.

पाश्चात्त्य विचाराची दोन टोके

युरोपात हा प्रश्न आधुनिक रूपात रेने देकार्त यांनी 1637 मध्ये उभा केला. मनुष्याची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र कसे ओळखावे यासाठी त्यांनी दोन कसोट्या सुचवल्या. प्रसंगाला अनुरूप अशी शब्दांची जुळणी त्याला करता येणार नाही, आणि ठरावीक कामे उत्तम करूनही नव्या परिस्थितीत ते चुकेल. पशू या दोन्ही कसोट्यांना उतरत नाहीत, म्हणून ते यंत्रवत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. यात भाषा हीच मनाची साक्ष ठरली, आणि साक्ष नाही म्हणून मनही नाही असे मानले गेले.

चार्ल्स डार्विन यांनी 1871 मध्ये मनुष्य आणि उच्च प्राणी यांच्या मनांतील अंतर प्रकाराचे नसून प्रमाणाचे आहे असे प्रतिपादन केले. त्यांचे अनुयायी जॉर्ज रोमानिस यांनी पशूंच्या हुशारीचे असंख्य किस्से गोळा केले, परंतु किस्सा म्हणजे पुरावा नव्हे हे लवकरच ध्यानात आले. लॉइड मॉर्गन यांनी 1894 मध्ये नियम घालून दिला की जी कृती साध्या मानसिक प्रक्रियेने समजावता येते तिच्यासाठी अधिक वरची प्रक्रिया गृहीत धरू नये. या सावधगिरीचे महत्त्व बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याने दाखवून दिले. हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये सिद्ध केले की उत्तर जवळ येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची जी अगदी सूक्ष्म, त्याला स्वतःलाही न जाणवणारी हालचाल होते, ती पाहून घोडा थांबत असे. हान्सला गणित येत नव्हते हे खरे, पण माणसाच्या देहाचे वाचन करण्याची त्याची शक्ती थक्क करणारी होती, आणि त्या शक्तीची चर्चा मात्र मागे पडली.

यानंतर 1913 पासून जॉन वॉटसन यांच्या वर्तनवादाने मन हा शब्दच शास्त्रातून हद्दपार केला आणि उद्दीपन व प्रतिसाद एवढेच अभ्यासाचे विषय मानले. ही भिंत आतून खचली. एडवर्ड टोलमन यांनी 1948 मध्ये दाखवले की चक्रव्यूहात फिरलेला उंदीर केवळ वळणांची मालिका पाठ करत नाही, तर जागेचा एक नकाशा मनात तयार करतो. डोनाल्ड ग्रिफिन यांनी 1976 मध्ये पशूंच्या जाणिवेचा प्रश्न शास्त्रीय चर्चेत उघडपणे परत आणला.

विचाराचा पुरावा

विचाराच्या बाजूने आज जो पुरावा उपलब्ध आहे त्याचे तीन गट करता येतात. पहिला गट समोर नसलेल्या गोष्टींच्या स्मृतीचा. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी 1998 मध्ये स्क्रब जे या अमेरिकन पक्ष्यावर प्रयोग केले. हा पक्षी अन्न लपवून ठेवतो. त्याला आवडीच्या पण लवकर नासणाऱ्या अळ्या आणि टिकणारे शेंगदाणे दोन्ही लपवू दिले, तेव्हा थोड्या तासांनी तो अळ्या शोधी आणि पाच दिवसांनी त्या कुजल्या असणार हे अनुभवाने शिकलेला पक्षी थेट शेंगदाण्यांकडे जाई. काय, कोठे आणि केव्हा लपवले, या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय असे वागणे शक्य नाही.

दुसरा गट मेंदूतील थेट नोंदींचा. उंदराच्या हिप्पोकॅम्पस नामक भागात विशिष्ट जागी असतानाच उत्तेजित होणाऱ्या स्थानपेशी असतात, आणि त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ यांना 2014 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी 1994 मध्ये दाखवले की दिवसा एकत्र उत्तेजित झालेल्या पेशी झोपेतही एकत्र उत्तेजित होतात. ब्रॅड फायफर आणि डेव्हिड फॉस्टर यांनी 2013 मध्ये दाखवून दिले की जागा उंदीर निघण्यापूर्वी, लक्ष्याकडे जाणारी वाट दर्शवणारा पेशींचा क्रम त्याच्या मेंदूत वेगाने उमटतो, आणि पुढे तो बहुधा त्याच वाटेने जातो. पाऊल टाकण्यापूर्वी वाट मनात चालून पाहणे याला विचार म्हणायचे नसेल, तर विचाराची व्याख्याच बदलावी लागेल.

तिसरा गट स्वतःच्या ज्ञानाविषयीच्या ज्ञानाचा. रॉबर्ट हॅम्प्टन यांच्या 2001 च्या प्रयोगात ऱ्हीसस माकडांना स्मरणाची परीक्षा देण्याचा किंवा ती टाळून कमी पण खात्रीचे बक्षीस घेण्याचा पर्याय होता. ज्या वेळी माकडे परीक्षा स्वीकारत त्या वेळी त्यांची उत्तरे अधिक बरोबर येत, म्हणजे आपल्याला आठवते की नाही याचा काहीतरी अंदाज त्यांना होता. दक्षिण भारतातील देवळांच्या आवारात सर्रास दिसणाऱ्या टोपी माकडांचा अभ्यास बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील अनिंद्य सिन्हा यांनी केला. टोळीतील दोन माद्यांचे परस्परांत स्थान काय, याचे ज्ञान तिसरी मादी आपल्या निर्णयात वापरते, हे त्यांनी 1998 मध्ये मांडले, तर त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या 2018 मधील अभ्यासात बंदिपूरची माकडे अन्न मागताना माणसाचे लक्ष कोठे आहे ते पाहून आवाज आणि हावभाव योजतात असे दिसून आले.

गजशास्त्राच्या विषयालाही या काळात नवे प्रमाण मिळाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 2006 मध्ये तीन आशियाई हत्तिणींपुढे मोठा आरसा ठेवण्यात आला, आणि त्यांपैकी हॅपी हिने कपाळावरील खूण आरशात पाहून आपल्या सोंडेने वारंवार चाचपली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील कंडुला या तरुण हत्तीने उंचावरील फळ मिळवण्यासाठी आपण होऊन एक ठोकळा ढकलत आणून त्यावर पाय दिला, आणि ही नोंद 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी थायलंडमधील प्रयोगांत असे आढळले की दोराची दोन टोके दोघांनी एकाच वेळी ओढली तरच अन्न मिळते हे कळल्यावर हत्ती साथीदार येईपर्यंत थांबून राहतो. तीन हत्तिणींपैकी एकच आरशाच्या कसोटीला उतरली हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच जातीतील व्यक्तींमध्ये इतका फरक असेल, तर साऱ्या जातीला एकाच ओळीत गुण देणे धोक्याचे ठरते.

अंतर्वाणीचा प्रश्न

अंतर्वाणीकडे वळताना प्रथम मनुष्याचीच परीक्षा करावी लागते. लेव्ह विगॉट्स्की यांच्या 1934 च्या ग्रंथानुसार मूल आधी इतरांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते, आणि पुढे ते बोलणे आत वळून अंतर्वाणी होते. अंतर्वाणी ही अशा रीतीने समाजाकडून घेतलेली आणि आत मुरवलेली वस्तू आहे. मात्र तीच विचाराचे एकमेव माध्यम आहे हे सिद्ध होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल हर्लबर्ट यांनी लोकांना दिवसभरात अवचित इशारा देऊन त्या क्षणी मनात काय होते ते नोंदवायला लावले. ख्रिस्तोफर हेवी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या 2008 च्या अभ्यासात केवळ सुमारे एक चतुर्थांश क्षणी आतले बोलणे आढळले, आणि व्यक्तीव्यक्तींत फार मोठी तफावत दिसली. काहींच्या मनात चित्रे अधिक होती, काहींच्या मनात शब्दही नाही आणि चित्रही नाही असा विचार होता. मेंदूला इजा होऊन वाक्यरचना गमावलेल्या रुग्णांना गणिते करता येतात हे रोझमेरी व्हार्ली यांनी 2005 मध्ये दाखवले. एव्हेलिना फेडोरेंको आणि त्यांचे सहकारी यांनी 2024 मध्ये या सर्व प्रकारच्या पुराव्याचा आढावा घेऊन भाषा ही मुख्यतः संवादाचे साधन आहे, विचाराचे नव्हे, असा निष्कर्ष काढला. मनुष्यच जर आपला बराचसा विचार मध्यमेच्या मदतीवाचून करत असेल, तर मध्यमा नाही म्हणून पशूला विचार नाही हा युक्तिवाद कोसळतो.

तरीही पशूंच्या ठिकाणी अंतर्वाणीसारखे काही सापडते काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे, आणि त्याचा शोध ऐकून आवाज शिकणाऱ्या जातींत घेणे इष्ट ठरते. झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्याचा नर आपले गाणे वडीलधाऱ्या नराकडून शिकतो. अमिश दवे आणि डॅनियल मार्गोलियाश यांनी 2000 मध्ये दाखवले की हा पक्षी झोपलेला असताना, गळ्यातून आवाज न काढता, त्याच्या मेंदूतील गायनाशी संबंधित पेशी जागेपणीच्या गाण्याच्या क्रमाशी जुळणाऱ्या क्रमाने उत्तेजित होतात. ध्वनीवाचून क्रम, हे भर्तृहरीच्या मध्यमेचे एक लक्षण येथे उपस्थित आहे. दुसरे लक्षण, म्हणजे त्या क्रमाने काही अर्थ वाहणे, मात्र अनुपस्थित आहे, कारण पक्ष्याच्या गाण्यातील सुरावटी शब्दांप्रमाणे वस्तूंचा निर्देश करत नाहीत. आयरीन पेपरबर्ग यांनी तीस वर्षे शिकवलेला ॲलेक्स हा करडा पोपट, जो 2007 मध्ये मरण पावला, एकटा असताना नव्याने शिकत असलेल्या शब्दांचे उच्चार घोळवत असे, आणि 1991 मध्ये याचे ध्वनिमुद्रणावर आधारित विश्लेषण प्रसिद्ध झाले. विगॉट्स्कींच्या मधल्या पायरीशी याचे साम्य आहे, परंतु तो उच्चार पुढे आत वळला काय याचा काहीच पुरावा नाही.

उलट दिशेची उदाहरणेही तितकीच बोधप्रद आहेत. दक्षिण कोरियातील कोशिक हा हत्ती सोंड तोंडात घालून कोरियन भाषेतील पाच शब्दांची नक्कल करतो असे 2012 मध्ये नोंदवले गेले, पण त्या शब्दांचा अर्थ मनात धरून तो ते उच्चारतो असे दिसले नाही. निम या चिंपांझीला खुणांची भाषा शिकवणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनीच 1979 मध्ये मान्य केले की निमच्या खुणांच्या साखळ्या वाक्ये नव्हत्या, आणि त्यांचा बराच भाग शिक्षकाच्या खुणांची पुनरावृत्ती होता. हत्तींचा परस्परांतील बराचसा संवाद माणसाच्या कानाला अगम्य अशा मंद कंपनांच्या ध्वनींनी होतो, हे केटी पेन यांनी 1980 च्या दशकात उघड केले. माणसाचे शब्द हत्तीच्या तोंडी घालण्याच्या प्रयत्नांपेक्षा या ध्वनींच्या अभ्यासातून त्याच्या मनाविषयी अधिक कळण्याचा संभव आहे.

आक्षेप आणि त्यांची मर्यादा

या सर्व पुराव्यावर दोन प्रकारचे गंभीर आक्षेप आहेत. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी 1982 मध्ये मांडले की भाषा नसलेल्या प्राण्याला श्रद्धा किंवा मत असे काही असू शकत नाही. मत असणे म्हणजे ते चुकीचे असू शकते हे समजणे, आणि ही समज भाषिक व्यवहाराशिवाय येत नाही. डेव्हिडसन यांचा युक्तिवाद विचाराच्या सर्वांत वरच्या पायरीविषयी सबळ आहे. आपल्या आठवणीवर विसंबावे की नाही हे ठरवणारी माकडे मात्र त्याच्या खालची एक पायरी दाखवतात, जिथे चूक होण्याची शक्यता शब्दांवाचून हिशेबात घेतली जाते. डेरेक पेन, कीथ होलिओक आणि डॅनियल पोव्हिनेली यांनी 2008 मध्ये दुसरा आक्षेप घेतला की पशू जे साध्य करतात ते दिसणाऱ्या सारखेपणावरून साध्य करतात, आणि अमूर्त संबंधांवर संबंध रचण्याची क्षमता फक्त मनुष्यात आढळते. हा आक्षेप मान्य केला तरी त्याने मानवी विचाराचे वैशिष्ट्य ठरते, पशूंची विचारशून्यता ठरत नाही.

या दोन आक्षेपांखेरीज एक अडचण अनुभवाची आहे. पशू विचार करतो हे मान्य केले, तरी तो विचार करताना त्याला कसे वाटते हे बाहेरून कळत नाही, आणि टॉमस नेगल यांनी 1974 मध्ये वटवाघळाच्या उदाहरणाने ही अडचण ठामपणे मांडली. या बाबतीत शास्त्राची प्रगती अप्रत्यक्ष आहे. आंद्रेआस नीडर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये कावळ्यांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्यांचे उत्तेजन पडद्यावर खरोखर काय दाखवले यापेक्षा कावळ्याने आपल्याला काय दिसले म्हणून कळवले याच्याशी जुळते. केंब्रिज येथे 2012 मध्ये आणि न्यूयॉर्क येथे 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी काढलेल्या जाहीरनाम्यांत सस्तन प्राणी व पक्षी यांच्या जाणिवेला भक्कम आधार असल्याचे म्हटले आहे, आणि दुसऱ्या जाहीरनाम्याने इतर पृष्ठवंशी प्राणी, अष्टपाद व कीटक यांच्या बाबतीतही ती शक्यता डावलता येत नाही असे सांगितले. यांपैकी कोणत्याही जाहीरनाम्याने पशूंना अंतर्वाणी असल्याचा दावा केलेला नाही.

व्यवहारातील परिणाम

हा वाद केवळ तात्त्विक राहिलेला नाही, आणि त्याचे पडसाद तमिळनाडू व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत एकाच वेळी उमटले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी तमिळनाडूतील जल्लीकट्टू हा बैलांचा खेळ आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांवर बंदी घालताना पशूंच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला, ज्यांत भुकेपासून मुक्तीइतकेच भय आणि मानसिक क्लेश यांपासून मुक्तीलाही स्थान आहे. बैलाला भय असते एवढे मानले की त्याला मन आहे हेही मानले जाते, आणि त्यासाठी तो स्वतःशी काही बोलतो की नाही हे ठरवावे लागत नाही. पुढे राज्यांनी कायदे दुरुस्त केले आणि घटनापीठाने 18 मे 2023 रोजी तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले. तरीही पशूंना अनावश्यक वेदना होऊ नयेत हे तत्त्व या निकालाने नाकारलेले नाही. आरशापुढे स्वतःला ओळखणाऱ्या हॅपीच्या सुटकेसाठी केलेला अर्ज न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. तिची बुद्धी वादाचा विषय नव्हती, पण देहस्वातंत्र्याचा हक्क मनुष्यापुरता आहे असे बहुमताने ठरवले.

या निवाड्यांकडे पाहता बुद्धी, अंतर्वाणी आणि वेदना या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणे किती आवश्यक आहे हे ध्यानात येते. विचाराच्या बाबतीत उपलब्ध पुरावा इतका पुरेसा आहे की आता सिद्धतेचे ओझे नाकारणाऱ्यावर आहे. अंतर्वाणीच्या बाबतीत ते ओझे अजून होकार देणाऱ्यावरच आहे, आणि ते पेलायचे असेल तर आवाज शिकणाऱ्या एखाद्या प्राण्यात, जागेपणी आणि गप्प असताना, अर्थवाही आवाजाचा क्रम मेंदूत उमटून त्याचा पुढील निवडीवर परिणाम होतो हे दाखवावे लागेल. असा प्रयोग तत्त्वतः शक्य आहे, परंतु त्याचा निकाल काहीही लागला तरी वेदनेचा प्रश्न त्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. गजशास्त्रकारांनी हत्तीच्या तोंडून एकही शब्द न ऐकता त्याच्या झुरण्याची नोंद घेतली. इसापच्या गोष्टींतील पशूंना मिळालेला आवाज वाचकांच्या उपयोगाचा आहे, आणि खऱ्या पशूच्या मनाकडे जाणारी वाट त्याच्या वर्तनाच्या संयत, दीर्घ आणि वारंवार तपासलेल्या निरीक्षणातूनच जाते.